प्रोसेसरची नावे : माहिती की भूलभुलैया?

लॅपटॉप विकत घेण्यासाठी दुकानात गेलेला ग्राहक सर्वप्रथम दोन गोष्टी विचारतो. किंमत किती आणि प्रोसेसर कोणता? पहिल्या प्रश्नाचे उत्तर रुपयांत मिळते आणि ते सर्वांना समजते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'आय५', 'रायझन ७', 'अल्ट्रा ७ २५५एच' अशा अक्षरांच्या आणि आकड्यांच्या साखळीत मिळते. आकडा दिसला की तो काहीतरी मोजत असणार, असे माणूस स्वाभाविकपणे गृहीत धरतो. पाच लिटरचा कुकर तीन लिटरच्या कुकरपेक्षा मोठा असतो, दीड टनाचा एसी एक टनाच्या एसीपेक्षा मोठी खोली थंड करतो. त्याच न्यायाने 'सात' हा 'पाच'पेक्षा सरस असला पाहिजे, अशी समजूत होते. प्रोसेसरच्या बाबतीत हा न्याय पुष्कळदा लागू पडत नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाची काही महिन्यांची बचत ज्या आकड्याकडे पाहून खर्च होते, तो आकडा बहुतेक वेळा वेगाचे माप नसतोच.

ही नावे खोटी असतात असे मात्र म्हणता येणार नाही. त्यातील बहुतेक अंकांचा आणि अक्षरांचा अर्थ कंपन्यांनी जाहीर केलेला असतो. अडचण वेगळीच आहे. ग्राहक नाव पुढून वाचतो आणि महत्त्वाची माहिती नावाच्या शेपटीत असते. जाहिरातीत तर ही शेपटी बहुधा गळालेलीच असते.

आकडे आणि व्यापारचिन्ह

सुरुवातीच्या काळात हा गोंधळ मर्यादित होता. इंटेल कंपनीचा ८०२८६ हा प्रोसेसर १९८२ मध्ये, ८०३८६ हा १९८५ मध्ये आणि ८०४८६ हा १९८९ मध्ये बाजारात आला. मोठा आकडा म्हणजे पुढची पिढी, इतका साधा तो हिशेब होता. त्याच्या जोडीला मेगाहर्ट्झ, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाची गती, सांगितली जाई. एकाच पिढीतील दोन प्रोसेसरांची तुलना करायला ही गती पुरेशी होती.

तरीही त्या काळातही शेपटीला महत्त्व होतेच. १९९१ मध्ये आलेल्या '४८६ एसएक्स' या स्वस्त प्रोसेसरमध्ये अपूर्णांकांची आकडेमोड करणारा भाग बंद ठेवलेला होता. '४८६ डीएक्स'मध्ये तो चालू होता. 'एस' आणि 'डी' या एका अक्षराच्या फरकात हा सारा भेद सामावलेला होता.

त्याच वर्षी अमेरिकेतील न्यायालयाने '३८६' या आकड्यावर इंटेलला व्यापारचिन्हाचा हक्क सांगता येणार नाही, असा निर्णय दिला. एएमडी ही प्रतिस्पर्धी कंपनी त्याच आकड्याच्या नावाने आपला प्रोसेसर विकू लागली होती. आकड्यावर मालकी मिळत नाही, शब्दावर मिळते, हे लक्षात आल्यावर इंटेलने १९९३ मध्ये आपल्या पाचव्या पिढीला '५८६' असे न म्हणता 'पेंटियम' हे नाव दिले. पाच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घडवलेले होते. प्रोसेसरचे नाव तांत्रिक क्रमांक न राहता विक्रीचे साधन झाले, त्याची सुरुवात येथे झाली.

'पी-रेटिंग' आणि अधिकचे चिन्ह

पेंटियमच्या यशामुळे ग्राहकाच्या मनात एक समीकरण पक्के झाले : जितके मेगाहर्ट्झ जास्त, तितका संगणक वेगवान. हे समीकरण अर्धेच खरे आहे. घड्याळाच्या एका ठोक्यात प्रोसेसर किती काम उरकतो, यावरही वेग अवलंबून असतो. दोन बैलगाड्यांची चाके सारख्याच वेगाने फिरत असली तरी मोठ्या चाकांची गाडी पुढे जाते, तसाच हा प्रकार आहे.

सायरिक्स आणि एएमडी या कंपन्यांचे प्रोसेसर कार्यालयीन कामात एका ठोक्यात पेंटियमपेक्षा अधिक काम करीत. पण त्यांचे मेगाहर्ट्झ कमी दिसत. म्हणून १९९६ मध्ये 'पी-रेटिंग' ही पद्धत आली. सायरिक्सचा 'पीआर २००+' हा प्रोसेसर प्रत्यक्षात १५० मेगाहर्ट्झवर चाले. तो २०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमच्या तोडीचा आहे, असा त्या नावाचा आशय होता. पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते अशा कामांत हा दावा बऱ्याच अंशी टिकला. अपूर्णांकांच्या आकडेमोडीत मात्र सायरिक्स दुबळा होता. त्याच वर्षी आलेला 'क्वेक' हा त्रिमिती खेळ नेमका त्या आकडेमोडीवर चालणारा होता आणि तेथे हे प्रोसेसर उघडे पडले. एकाच आकड्यात सर्व प्रकारच्या कामांचा वेग सांगता येत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

एएमडीने ऑक्टोबर २००१ मध्ये 'अ‍ॅथलॉन एक्सपी' आणला, तेव्हा पुन्हा तीच वाट धरली. 'अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+' प्रत्यक्षात १.५३ गिगाहर्ट्झवर चालत असे. ही तुलना आपल्याच आधीच्या अ‍ॅथलॉनशी आहे, असे कंपनी सांगत होती. बाजाराने मात्र तो आकडा इंटेलच्या 'पेंटियम ४'शी लावून पाहिला. गंमत अशी की या वेळी प्रतिस्पर्ध्याचा खरा आकडाच अधिक फसवा होता. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ ची रचना उंच मेगाहर्ट्झ गाठण्यासाठी केलेली होती आणि एका ठोक्यात तो पूर्वीच्या पेंटियम ३ पेक्षा कमी काम करीत असे. १.५ गिगाहर्ट्झचा नवा प्रोसेसर काही चाचण्यांत १ गिगाहर्ट्झच्या जुन्या प्रोसेसरच्या मागे पडला. म्हणजे १८००+ हा आकडा प्रत्यक्ष गतीचा नसूनही कामाचा अंदाज देत होता आणि १.५ गिगाहर्ट्झ हा आकडा शंभर टक्के खरा असूनही दिशाभूल करीत होता. खरा आकडा आणि उपयोगी आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मेगाहर्ट्झची शर्यत संपली

ही शर्यत उष्णतेने थांबवली. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याची योजना इंटेलने ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द केली. त्याच वर्षी कंपनीने नावातून मेगाहर्ट्झ मागे सारून ३००, ५०० आणि ७०० अशा मालिकांचे क्रमांक आणले. सेलेरॉनला ३००, पेंटियम ४ ला ५०० आणि लॅपटॉपसाठीच्या पेंटियम एम ला ७०० ची मालिका मिळाली. हे क्रमांक कार्यक्षमतेचे माप नाहीत आणि ते वेगवेगळ्या मालिकांच्या तुलनेसाठी नाहीत, असा खुलासा इंटेल आपल्या जाहिरातींच्या तळाशी बारीक अक्षरांत छापत असे. वरच्या मोठ्या अक्षरांतील आकड्याने जी समजूत करून दिली, ती खालच्या बारीक अक्षरांनी काढून घेतली. आजच्या गोंधळाचे बीज या जोडीत आहे.

तीन, पाच, सात

'कोअर आय७' हे नाव नोव्हेंबर २००८ मध्ये आले. 'आय५' २००९ मध्ये आणि 'आय३' २०१० च्या जानेवारीत. साधे, मध्यम आणि उच्च अशी ही तीन फडताळे होती. एकाच वर्षीच्या आणि एकाच प्रकारच्या यंत्रांपुरती ही उतरंड ठीक होती. पण तेच नाव टेबलावरच्या संगणकाला आणि पातळ लॅपटॉपलाही देण्यात आले.

२०१६ मध्ये लॅपटॉपसाठी आलेल्या 'आय७-७५००यू' मध्ये दोन कोअर होते आणि त्याची वीजमर्यादा १५ वॅट होती. त्याच सातव्या पिढीतील टेबलावरच्या संगणकाच्या 'आय५-७४००' मध्ये चार कोअर होते आणि मर्यादा ६५ वॅट होती. अनेक कोअरना एकदम राबवणाऱ्या कामात हा 'पाच' त्या 'सात'ला सहज मागे टाकत असे. याचे उत्तर 'यू' या शेवटच्या अक्षरात होते. ते कमी विजेवर चालणाऱ्या प्रोसेसरला दिले जाते. त्याच पिढीत इंटेलने आणखी एक बदल केला. साडेचार वॅटच्या ज्या अतिमितव्ययी मालिकेला आधी 'कोअर एम५' आणि 'एम७' म्हटले जात असे, तिच्यातील प्रोसेसर 'आय५-७वाय५४' आणि 'आय७-७वाय७५' या नावांनी येऊ लागले. वेगळेपण दाखवणारे अक्षर नावाच्या दर्शनी भागातून उचलून मधोमध ठेवले गेले.

पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, आठव्या पिढीचा 'आय५-८२५०यू' चार कोअर घेऊन आला. आदल्या वर्षी अधिक पैसे देऊन 'आय७-७५००यू' घेणाऱ्याच्या यंत्रापेक्षा हा 'आय५' अनेक कामांत वेगवान होता. 'आय७ म्हणजे उत्तम' या समजुतीला पिढीचा आकडा कसा छेद देतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. जुन्या लॅपटॉपच्या बाजारात आजही नुसते 'आय७' असे लिहून माल विकला जातो, तेथे हे लक्षात ठेवणे अधिकच गरजेचे आहे.

जुनी रचना, नवे साल

सर्वाधिक वाद झाला तो एएमडीने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या लॅपटॉप-पद्धतीवरून. तिच्यात चार अंक होते. पहिला अंक वर्षाचा. ७ म्हणजे २०२३. दुसरा अंक दर्जाचा. तिसरा अंक आतील रचनेच्या पिढीचा. चौथा अंक त्याच पिढीतील खालचा-वरचा प्रकार सांगणारा. एकूण पद्धत तर्कशुद्ध होती. पण ग्राहकाला सर्वात आधी दिसणारा अंक दिनदर्शिकेचा होता आणि तंत्रज्ञान कितपत नवे, हे सांगणारा अंक तिसऱ्या जागी होता.

त्यामुळे 'रायझन ५ ७५२०यू' आणि 'रायझन ५ ७६४०यू' हे दोन प्रोसेसर सख्खे भाऊ वाटत. प्रत्यक्षात पहिल्यात २०१९ च्या 'झेन २' रचनेचे चार कोअर होते आणि दुसऱ्यात २०२२ च्या 'झेन ४' रचनेचे सहा. 'रायझन ७ ७७३०यू' हा तर आधीच्या 'रायझन ७ ५८२५यू'चाच नवा अवतार होता. किल्ली हाती असलेल्याला तिसऱ्या अंकावरून हे सारे कळत असे. पण ती किल्ली दुकानातल्या फलकावर नव्हती.

डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलने एका सादरीकरणातून एएमडीवर अर्धसत्य विकल्याचा आरोप केला आणि त्यासाठी नेमके ७५२०यू चे उदाहरण घेतले. टीका झाल्यावर हे सादरीकरण काढून घेण्यात आले. टीका होण्याचे कारण उघड होते. इंटेलने जून २०२३ मध्ये 'आय' हे अक्षर गाळण्याचा निर्णय जाहीर केला होता आणि त्यानंतर 'कोअर' आणि 'कोअर अल्ट्रा' अशा दोन ओळी सुरू केल्या. त्यांत 'कोअर अल्ट्रा ७ १५५यू' हा नव्या रचनेचा होता, तर जानेवारी २०२४ मध्ये आलेला 'कोअर ७ १५०यू' जुन्या रचनेचा. दोघेही '१००' मालिकेचे, दोघेही 'सात'.

एएमडीची चार अंकी पद्धतही टिकली नाही. २०२४ मध्ये 'रायझन एआय ३००' ही तीन अंकी मालिका आली आणि जानेवारी २०२५ मध्ये 'रायझन २००'. यातील 'रायझन ७ २५०' हा डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या '८८४०यू'चा आणि तो २०२३ च्याच '७८४०यू'चा वारस. कृत्रिम बुद्धिमत्तेची कामे करणाऱ्या भागाची गती मधल्या टप्प्यावर वाढली. कोअर आणि चित्रे उमटवणारा भाग तोच राहिला. ज्या ग्राहकाने कष्टाने चार अंकांचा अर्थ शिकून घेतला, त्याची किल्ली दोन वर्षांच्या आत निकामी झाली.

शेवटच्या अक्षराचे महत्त्व दाखवणारे एक उदाहरण इंटेलच्या '२००' मालिकेत आहे. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये 'कोपायलट प्लस' या वर्गाच्या संगणकांसाठी सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करणारा एआय-विभाग सक्तीचा केला. 'अल्ट्रा ७ २५८व्ही' ही अट पूर्ण करतो. 'अल्ट्रा ७ २५५एच' करीत नाही. उलट २५५एच मध्ये कोअर दुप्पट आहेत आणि जड कामात तो पुढे जातो. येथे कोणता आकडा मोठा, हा प्रश्नच गैरलागू ठरतो.

कंपन्यांची बाजू

हे सारे केवळ लबाडीतून घडते असे मानणे अन्यायाचे ठरेल. सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर तयार होणाऱ्या शेकडो चिपा सारख्या नसतात. काहींचा एखादा कोअर सदोष निघतो, काही कमी विजेत चालतात, काही अधिक गती सोसतात. त्यांची वर्गवारी करून वेगवेगळ्या किमतींना विकणे हा या उद्योगाचा पाया आहे आणि त्यासाठी अनेक नावे लागणारच. जुनी रचनाही निरुपयोगी नसते. ती स्वस्तात तयार होते, म्हणून कमी किमतीचा लॅपटॉप शक्य होतो. टंकलेखन, आंतरजाल आणि शालेय अभ्यास यांसाठी ती पुरेशीही असते. शिवाय लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांना दर हंगामाला फलकावर नवा आकडा हवा असतो.

तथापि, स्वस्त माल विकणे वेगळे आणि जुन्या मालावर नव्या सालाचा आकडा टाकणे वेगळे. पहिल्यात ग्राहकाची सोय आहे; दुसऱ्यात ग्राहकाच्या अज्ञानाचा उपयोग आहे.

न्यायालये आणि कायदा

हा प्रश्न न्यायालयांतही गेला, पण नावापेक्षा दाव्यांच्या अंगाने. पेंटियम ४ ची कार्यक्षमता फुगवून दाखवल्याच्या आरोपावरून अमेरिकेत चाललेल्या सामूहिक दाव्यात इंटेलने २०१४ मध्ये तडजोड केली. सुरुवातीच्या काळातील पात्र खरेदीदारांना त्यात प्रत्येकी १५ डॉलर देऊ करण्यात आले. एएमडीने २०११ मध्ये आणलेल्या एफएक्स मालिकेतील 'आठ कोअर'चे प्रोसेसर हा दुसरा वाद. त्यात दोन-दोन कोअर मिळून अपूर्णांकी आकडेमोडीचा एकच भाग वापरत. हे खरे आठ कोअर नव्हेत, अशा २०१५ च्या दाव्यात कंपनीने २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरची तडजोड मान्य केली. दोन्ही प्रकरणे तडजोडीत मिटल्याने 'कोअर' म्हणजे काय किंवा नावाने किती सांगितले पाहिजे, यावर न्यायालयाचा अंतिम शब्द आला नाही.

भारतात २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे हेही तिच्यात येते. अशा जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध झाल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. पण ज्या नावाचा अर्थ कंपनीच्या संकेतस्थळावर जाहीर आहे, त्याला 'दडवलेले' म्हणायचे काय, हा युक्तिवाद कंपन्यांच्या हाती राहतो.

येथे एक तुलना उद्‌बोधक आहे. एसी किंवा फ्रीजवरील तारांकित पट्टीवर वर्षाला किती युनिट वीज लागेल आणि हे मानांकन कोणत्या काळासाठी आहे, हे दोन्ही छापलेले असते. निकष कडक झाले की जुन्या यंत्राचे तारे कमी होतात. प्रोसेसरच्या नावात याच्या नेमके उलटे घडते. यंत्र तेच राहते आणि आकडा वाढतो. लॅपटॉपच्या खोक्यावर रचनेचे वर्ष, कोअरची संख्या आणि वीजमर्यादा या तीन गोष्टी ठळक छापण्याची सक्ती झाली, तर नाव काहीही असले तरी ग्राहकाचे फारसे बिघडणार नाही.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

तोपर्यंत काळजी ग्राहकानेच घ्यायची आहे. नुसते 'आय५' किंवा 'रायझन ७' हे उत्तर स्वीकारू नये. शेवटच्या अंकापर्यंत आणि अक्षरापर्यंत पूर्ण नाव लिहून घ्यावे. ते नाव निर्मात्याच्या संकेतस्थळावर शोधून त्या प्रोसेसरचे आगमन केव्हा झाले, आतील रचना कोणत्या पिढीची आहे, कोअर किती आहेत आणि वीजमर्यादा किती आहे, हे पाहावे. शेवटचे अक्षर 'यू' असेल तर बॅटरी अधिक टिकण्यावर भर असतो. 'एच' किंवा 'एचएक्स' असेल तर जड कामावर.

एवढे केल्यावरही एक गोष्ट उरते. एकच प्रोसेसर दोन लॅपटॉपमध्ये सारखा चालेलच असे नाही. लॅपटॉप बनवणारी कंपनी त्याची वीजमर्यादा वरखाली ठरवू शकते आणि थंड करण्याची व्यवस्था तोकडी असेल तर चांगला प्रोसेसरही मंदावतो. म्हणून शक्य असेल तेव्हा प्रोसेसरची नव्हे, तर त्याच मॉडेलच्या लॅपटॉपची स्वतंत्र चाचणी वाचावी. दोन यंत्रांत निवड करताना फडताळाच्या आकड्यापेक्षा रचनेच्या पिढीला अधिक वजन द्यावे. नव्या पिढीचा 'पाच' हा जुन्या पिढीच्या 'सात'पेक्षा बहुधा शहाणपणाचा सौदा ठरतो. साध्या कामासाठी खरेदी असेल तर आकड्याच्या एका पायरीवर खर्च होणारे जादा पैसे रॅम वाढवण्यासाठी वापरणे अधिक उपयोगाचे. आणि विक्रेता पूर्ण नाव सांगायला तयार नसेल किंवा बिलावर ते लिहून देत नसेल, तर त्या दुकानातून खरेदी न केलेलीच बरी.